चारशे दोनमधली बाई

सुरुवातीलाच सांगून टाकते — भूत, आत्मा, बाधा यातलं मला काही कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही कधी नव्हती. या ग्रुपवरचे अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत डबा खाताना वाचते आणि खरं बोलायचं तर निम्म्यांना हसते. रागावू नका. मी हिंजवडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. आमच्याकडे कुणी येऊन म्हणालं की काल स्क्रीनवर काहीतरी विचित्र दिसलं, तर आमचं उत्तर ठरलेलं… पुन्हा करून दाखव. नाही दाखवता आलं तर तो बग बंद, पुढचं काम घ्या.

माझे यजमान गेले तेव्हा दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळे नातेवाईक माझ्याकडे बघत होते, जणू काही मीच कावळ्याला घरी डांबून आले होते. इच्छा राहिली असणार, इच्छा राहिली असणार, अशी कुजबुज चालली होती. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. तेव्हाही मला एवढंच वाटलं होतं की पुण्यात हल्ली कावळे कमी झालेत. तर अशी मी. आता जे लिहिते आहे त्याला तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

यजमान म्हणजे श्रीकांत. आम्ही दोघंही लातूरकडचे. नोकरीसाठी हिंजवडीला आलो आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये जे राहिलो ते राहिलोच. मी आणि सासूबाई अजून तिथेच आहोत. त्या फ्लॅटचं स्वयंपाकघर शेजारच्या टॉवरच्या भिंतीला चिकटलेलं आहे. भर दुपारी ट्यूब लावल्याशिवाय कणीक दिसत नाही. त्यावरून मी फार कटकट करायचे, हे कबूल. कोणती बाई करणार नाही?

श्रीकांतने लग्नानंतर थोड्याच वर्षांत, मला न विचारता, होती नव्हती ती सगळी पुंजी मुळशीतल्या त्या नव्या शहरात एका फ्लॅटमध्ये घातली. शहराचं नाव लिहीत नाही. डोंगरात, तळ्याकाठी बांधायला घेतलेली अशी शहरं मुळशीत काही दहा-वीस नाहीत, तुम्हाला कळलंच असेल. फ्लॅट नंबर चारशे दोन. चौथा मजला, समोर पाणी. पुढे काम बंद पडलं. ते सगळ्यांना ठाऊक होतं, पेपरात येत होतं. पण हा माणूस एक रविवार सोडून एक, सकाळी बाइक काढायचा आणि “साइटवर जाऊन येतो” म्हणून निघायचा, तो अंधार पडल्यावर परत. बुटांना लाल माती. आणि चेहरा कसा, तर पोटभर जेवून आलेल्या माणसासारखा.

मी म्हणायचे, मलाही न्या. ते म्हणायचे, “अर्धवट घर बघू नये. तयार झालं की नेतो.”

जिथे काम बंद आहे तिथे माणूस दिवसभर काय करतो? तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही मनात आलं. सासूबाईंच्याही आलं. फरक एवढाच, की त्यांनी ते चार पाहुण्यांत बोलून दाखवलं. म्हणाल्या, घरात सुख लाभलं असतं तर माझं लेकरू बाहेर कशाला गेलं असतं. मी भांडले, अबोला धरला, एकदा बाइकची किल्ली लपवून ठेवली. श्रीकांत नुसते हसायचे. आणि मग एका संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, कंपनीच्या कॅबमध्ये, मागच्या सीटवर बसल्या बसल्या गेले. बाकीच्यांना वाटलं झोप लागली आहे.

म्हणजे उत्तर घेऊन गेले. प्रश्न माझ्याकडे राहिला. होती की नव्हती? मला बाकी काही नको होतं. फ्लॅट नको, पैसे परत नकोत. फक्त एवढं कळायला हवं होतं, की इतकी वर्षं मी कुणामुळे रविवारी एकटी जेवत होते.

यंदा दिवाळी झाल्यावर ऑफिसातल्या पोरी मागे लागल्या, मॅडम, सोलो ट्रिप करा, स्वतःला वेळ द्या. बाई एकटी पडली की पूर्वी लोक हळहळायचे, आता सोलो ट्रिप म्हणतात. पण मला निमित्त बरं मिळालं. मुळशीतल्याच कोळवणला एका शेतकऱ्याची खोली मोबाइलवर दिसली, ती घेतली. सासूबाईंना फक्त एवढंच सांगितलं की ते शहर बघून येते. त्यांनी जपमाळ ओढली.

कोळवणचे दत्ताभाऊ म्हणजे खोलीचे मालक. भाताची खाचरं, वर रस्त्याकडेला शहरातल्या लोकांसाठी बांधलेल्या खोल्या आणि एक जीप. भात नुकताच कापून झाला होता आणि अंगणात पेंढ्यांचा ढीग लागला होता. मी एकटी आलेली बघून त्यांच्या घरच्यांना काळजी वाटली असावी, कारण रात्री जेवताना वहिनी तीन वेळा विचारून गेल्या की घरी फोन केला का. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप ठरवली. कुठे जायचं ते सांगितल्यावर दत्ताभाऊंनी तोंड वाकडं केलं.

“तितं काय बगायचं ताई? आमच्या पावण्यांच्या जमिनी गेल्या तितं. आता ना धड भात पिकतंय, ना धड शहर झालं.”

मी म्हटलं, आमचं घर आहे तिथे. त्यावर त्यांनी जीप चालू केली. पौडवरून पिरंगुट, मग मुठ्याच्या रस्त्याने घाट. वाटेत त्यांनी फक्त एकदाच विचारलं, साहेब काय करतात. मी सांगितलं, नाहीत. तेव्हा त्यांनी जीपमधलं गाणं बंद केलं. त्यांचा तो भलेपणा मला का कोण जाणे सहन झाला नाही, आणि मीच त्यांना गाणं परत लावायला सांगितलं.

घाट उतरताना ते शहर एकदम समोर येतं. तळ्याच्या काठाने ओळीने इमारती — पिवळ्या, केशरी, विटकरी, कमानी आणि उतरत्या छपरांच्या. लग्नाच्या रुखवतात पुठ्ठ्याचं घर मांडलेलं असतं ना, कापसाचा धूर आणि हिरव्या कागदाची बाग असलेलं, अगदी तसं. लांबून सुरेख. हात लावायचा नाही.

पुढच्या रांगेत सुट्टीला आलेली माणसं होती. फोटो, भाड्याच्या सायकली, कॉफी. मीही काठाकाठाने फिरले, एका बाकावर बसून पाणी प्यायले, ऑफिसच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. लगेच लाल बदाम आले. मग मागच्या रस्त्याला वळले आणि आवाज बंद झाला. पाट्या आहेत, दुकानं नाहीत. दिव्यांचे खांब आहेत, दिवे लागत असतील असं वाटत नाही. चौकात दगडी कुंड्या, कुंड्यांत कुसळं, आणि बाकावर मधोमध एक कुत्रं असं झोपलेलं की उठवायची हिंमत होऊ नये.

मी आजवर फार शहरं पाहिलेली नाहीत, पण जी पाहिली ती कपड्यांवरून ओळखीची वाटली. कुठेही जा, कुणाची तरी चादर, कुणाचा तरी शाळेचा शर्ट दोरीवर असतोच. इथे एवढ्या बाल्कन्या आणि एकीतही साधा टॉवेल नाही. दारात रांगोळी नाही. कुकरची शिट्टी नाही. कुणी कुणाला हाक मारत नाही. मला भीती नाही वाटली, संताप आला. ह्या रुखवतासाठी माझे सगळे रविवार गेले होते.

आमची इमारत शेवटच्या रांगेत, चढावर. त्या रांगेच्या तोंडाशी बांबू आडवा टाकलेला, बाजूला पत्र्याची केबिन आणि आत वॉचमन. दत्ताभाऊंनी जीप तिथेच सावलीला लावली. वॉचमन तरुण होता, हिंदी बोलणारा, नुकताच कामाला लागलेला. त्याने मला थांबवून विचारलं, “किसके यहाँ जाना है?”

साधा प्रश्न आहे. गावात शिरलेल्या कुठल्याही परक्या माणसाला विचारतात, कुणाकडं आलात. पण मला तो लागला. मी कुणाकडे आले होते? त्या तिरीमिरीत मी नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं आणि म्हटलं, “चारसौ दो.” वाटलं, तो म्हणेल वहाँ कोई नहीं रहता, मग मी म्हणेन मालकीण आहे, कागद दाखवीन.

त्याने केबिनमधला इंटरकॉम उचलला आणि बटणं दाबली. थोडा वेळ थांबला. मग अगदी सहज बोलायला लागला. हाँ मैडम, जी मैडम, कोई मैडम आयी हैं. ऐकलं, मान डोलावली, फोन ठेवला आणि बांबू वर करत मला म्हणाला, “साब दूध लाने गये हैं. मैडम घर पे हैं. बोलीं ऊपर भेज दो.”

अंगावर काटा वगैरे काही आला नाही. खरं सांगू? मला आधी बरं वाटलं. सापडली एकदाची, असं वाटलं. डोकं अगदी थंडपणे चालत होतं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली, मग साब कोण? त्याचंही उत्तर माझ्याकडे होतं. एकटी राहणारी बाई असंच सांगते. मीसुद्धा डिलिव्हरीवाल्याला साहेब झोपलेत म्हणून सांगते. फक्त एका गोष्टीचं हसू आलं. दूध! उभ्या संसारात या माणसाने कधी दूध आणलं नाही. दारावर टांगलेली पिशवीसुद्धा ओलांडून ऑफिसला जायचे.

चढावरून जाताना काय काय बोलायचं ते मी ठरवत होते. ओरडायचं नाही. चप्पल काढून आत जायचं, बसायचं, पाणी मागायचं आणि मग विचारायचं. इमारत जवळ आली तशी माझी चाल मंदावली. खिडक्यांच्या जागी भोकं. दारं नाहीत. जिन्याला कठडा नाही आणि पायऱ्यांवर वटवाघळांची घाण. भिंतीला हात लावत लावत मी चढले. पहिला मजला, दुसरा, तिसरा, सगळीकडे नुसते खांब आणि पाण्याचे डाग. आणि तिसऱ्याच्या वर जिना संपला तो सरळ उन्हात.

चौथा मजला नव्हताच. म्हणजे त्याची जमीन होती. भिंती नाहीत, छप्पर नाही, कडेने गंजलेल्या सळया वर आलेल्या. समोर तळं आणि पलीकडे डोंगर.

त्या जमिनीवर लाल तैलरंगाने रेघा मारलेल्या होत्या. ऊन-पावसाने फिकट झालेल्या, तरी स्पष्ट. मला कळायला वेळ लागला नाही, लहानपणी आपण अंगणात खडूने घर आखून खेळतो तसं घर होतं ते. दाराच्या जागी रेघ सोडलेली. आत लिहिलेलं — हॉल. देवघर. आईची खोली. अक्षर श्रीकांतचं, ‘ई’ला मोठी शेपटी काढायची त्यांची सवय. आणि तळ्याच्या बाजूला एक लांबट चौकोन. त्यात लिहिलं होतं ‘ओटा’, आणि खाली जरा बारीक, ‘खिडकी मोठी’.

मी त्या आखलेल्या दारातून आत गेले. कुठूनही जाता आलं असतं, पण दारातूनच गेले. ओट्याच्या चौकोनापाशी उभी राहिले. तिथे इतका उजेड होता की डोळे मिटून घ्यावे लागले. आणि तेव्हा वास आला. येसराचा. येसर म्हणजे आमच्याकडचा, धान्यं आणि डाळी भाजून केलेला मसाला. त्याची आमटी उकळताना जो खमंग वास सुटतो तो मला झोपेतही ओळखू येईल. आसपास चूल नाही, माणूस नाही, वारासुद्धा तळ्याकडून येत होता. तरी वास होता. माझ्या पायाशी, त्या लाल चौकोनातून येतोय असा.

तर हे करायचा माझा नवरा एक रविवार सोडून एक. बाई नव्हती. रंगाचा डबा घेऊन यायचा, घर आखायचा, फिकं पडलं की परत आखायचा आणि त्यात बसायचा. मला रडू फुटलं. पण ते प्रेमाचं होतं असं लिहिलं तर खोटं ठरेल. मी तिकडे ट्यूबच्या उजेडात पोळ्या लाटत होते, बोलणी खात होते, आणि हा माणूस इथे उन्हात माझा ओटा रंगवत बसला होता. मला एकदा आणून दाखवला असता तर काय बिघडलं असतं? मी हसले असते. कदाचित मीही त्या चौकोनात उभी राहून खोटी खोटी पोळी लाटली असती. पण नाही. अर्धवट घर बघू नये म्हणे. माझं बाकी काय पूर्ण होतं?

डोळे पुसले आणि मग लक्षात आलं. बाई नव्हती, तर फोन कुणी उचलला?

खाली आले ती थेट केबिनशी. त्या मुलाला वाटेल तसं बोलले. वर काही नाही, भिंती नाहीत, तू चेष्टा करतोस का. तो गोंधळला. शपथा घ्यायला लागला. शेवटी त्याने माझ्यासमोर तीच बटणं दाबली, क्षणभर ऐकलं आणि घाबरून रिसीव्हर माझ्याच हातात दिला. “अब मराठी बोल रही हैं, आप ही बात कर लो.”

मी कानाला लावला. पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली आणि मग, “हॅलो… कोण?”

आवाज माझा होता.

आत्ताचा नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला, जो माझ्या आईकडच्या एका जुन्या कॅसेटमध्ये आहे तो. मी काही बोलले नाही तरी ती बोलत राहिली, कुणीतरी ओळखीचं आल्यासारखी.

“आलाव का? या की वर. चहाला दूध कमी पडलं म्हणून हे दूध आणायला गेलेत. येलालेतच.”

येलालेत. म्हणजे येताहेत. लातूरकडे असंच म्हणतात. पुण्यात आल्यावर पहिल्याच नोकरीत माझ्या तोंडून तसं काही निघालं आणि अख्खी टीम हसली होती. तेव्हापासून मी तो शब्द बोललेली नाही, घरातही नाही. श्रीकांतला त्याचं वाईट वाटायचं. म्हणायचे, तू बोलायची थांबलीस ग.

मी विचारलं, “आपण कोण?”

ती हसली. मनापासून, खळखळून. “मी वंदना. ह्यांची बायको की.”

वंदना माझं नाव आहे.

“कधीपासून राहता इथे?”

“कधीपासून म्हणजे? पहिल्यापासूनच हितं आहोत की आम्ही. सासूबाईंना तर तळं फार आवडलंय, खिडकीतून हलत नाहीत.” मग तिने विचारलं, “तुम्ही कोण म्हणायचं?”

या प्रश्नाचं उत्तर मला द्यायला हवं होतं. मीच वंदना, असं म्हणायला हवं होतं. जीभ उचलली नाही. तिच्या आवाजात जे होतं ते माझ्याकडे काहीच नव्हतं. मग मी कशाच्या जोरावर सांगणार, की खरी मी आहे? मी म्हणाले, सहज आले होते. फिरायला.

“अगं बाई. एकट्याच?”

“हो.”

मला तिथून पळायचं होतं. पण आपल्याला सवय असते ना, फोन असा मध्येच ठेवत नाही. तोंडातून आपोआप निघून गेलं, “बरं, येते हं.”

ती म्हणाली, “या.”

आणि फोन बंद झाला. वॉचमनने लगेच परत लावून बघितला, मीही लावला. आता साधी रिंगसुद्धा वाजेना. तो म्हणाला लाईन डेड आहे, आणि केबिनच्या बाहेर जाऊन उभा राहिला. मी असेपर्यंत परत आत आला नाही.

दत्ताभाऊंनी जीप काढली. घाट चढून वर आल्यावर म्हणाले, “ताई, राग येनार नसंल तर येक इचारू? फोनवर कोन व्हतं?”

मी म्हटलं, कुणी नाही. ओळखीचं होतं.

“न्हाई, लई हसत व्हता तुमी. म्हनलं बरं झालं, मैतरीण घावली.”

मी हसले नव्हते. मी शपथेवर सांगते, एकदाही हसले नव्हते. ते म्हणाले, केबिनच्या दारातच तर उभा होतो ताई, तुमचाच आवाज. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी विषय सोडला आणि गाडी चालवण्यात लक्ष घातलं. कोळवणला पोचल्यावर वहिनींनी मला गरम दूध आणून दिलं. ते मला पिता येईना.

आता तुम्ही जे म्हणाल ते सगळं मी स्वतःला म्हणून झालं आहे. इंटरकॉमची लाईन दुसऱ्या घरी जोडली गेली असेल. पुढच्या रांगांमध्ये तुरळक माणसं राहतात, त्यातली कुणी वंदना असेल, लातूरची असेल. कुणी मजा केली असेल. किंवा मला भास झाला, उन्हात चढून गेले होते, पोटात काही नव्हतं. पण मग माझ्याआधी वॉचमनशी कोण बोललं? भास दोघांना मिळून होतो का? मी टेस्टर आहे, म्हणून पुढच्याच महिन्यात एकटी परत गेले. केबिनमध्ये दुसरा माणूस होता. त्याने बोर्ड उघडून दाखवला. त्या इमारतीत वायर कधी गेलेलीच नाही. चारशे दोन दाबलं तर काहीच झालं नाही. वर जाऊन आले. रेघा होत्या, वास नव्हता. म्हणजे पुन्हा करून दाखवता येत नाही. आमच्या नियमाने बग बंद करायला हवा. मला तो बंद करता आलेला नाही.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. पहिल्यांदा परत आले त्या संध्याकाळी मी चप्पल काढतेय तोवर त्यांनी विचारलं, बघितलंस का. मी म्हटलं, बघितलं. त्या जपमाळ हातात धरून तशाच बसून राहिल्या. इतकी वर्षं मनात धरलेलं विचारायला त्यांनाही जड जात होतं, हे मला पहिल्यांदाच दिसलं.

“होती का कुणी?”

मी त्यांना रेघांबद्दल सांगू शकले असते. ‘आईची खोली’ लिहिलंय तेही. मी म्हणाले, “होती.”

“ठाऊकच होतं मला.” मग एक मणी ओढून, “कशी होती?”

“सुखात होती,” मी म्हणाले.

सासूबाईंनी जपमाळ डोळ्यांना लावली. म्हणाल्या, चला, माझ्या लेकराला कुठेतरी सुख लाभलं. आणि त्या रात्री, हे गेल्यापासून पहिल्यांदा, पोटभर जेवल्या. मी त्यांना वाढत होते. ट्यूब चालू होती.

दुसरी कुणी असती तर बरं झालं असतं असं हल्ली वाटतं. तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, रडले असते, विसरले असते. हिचं काय करू? हिने माझं काही चोरलेलं नाही. माझंच नाव, माझाच नवरा, माझीच सासू. माझा आवाजसुद्धा तिच्याकडे, माझ्यापेक्षा चांगल्या अवस्थेत. श्रीकांत नको असलेली मी इथे ठेवून, हवी असलेली मी घेऊन तिकडे राहायला गेले, आणि तिच्यासाठी ते दूधही आणतात.

पण झोप उडते ती यामुळे नाही. निघताना जाते म्हणू नये, अशुभ असतं, म्हणून आपण येते म्हणतो. समोरचा म्हणतो, या. पाहुण्याला आत बोलावतानाही हेच दोन शब्द, आणि वाटेला लावतानाही हेच. मी निरोप घेत होते. तिने काय ऐकलं मला माहीत नाही. तिने मला निरोप दिला असेल तर विषय संपला. पण तिने येते हे खरंच येते असं ऐकलं असेल, तर ती तिथे एक कप जास्त मांडून दाराकडे बघत बसली असेल. आणि माझ्यासारखीच असेल तर कंटाळून उठणार नाही.

ऑफिसातून निघताना मी हल्ली कुणाला येते म्हणत नाही. नुसती पर्स उचलते. रोज सकाळी दारावरची दुधाची पिशवी आत घेताना मात्र हात जरा अडतो. मी येते म्हणाले होते, आणि ती या म्हणाली होती.